गाडी मागे घेणारा

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही, की पारावर ऐकलेली नाही. ही माझ्या सख्ख्या मामांच्या, जगदेवमामांच्या जिवावर बेतली होती.

पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. मात्र मामांना तिखटमीठ लावून बोलायची सवय नाही. उलट त्यांच्याकडून गोष्ट अक्षरशः ओढून काढावी लागते.

भुतं रात्रीच निघतात म्हणतात ना?

हे सकाळी घडलं.

मागच्याच्या मागच्या जानेवारीत, वाशीम जिल्ह्यात, रिसोडच्या अलीकडे, एका विद्यापीठाच्या आवारात. नाव घेत नाही. तिथे आजही पोरंपोरी शिकतात, उगीच कुणाची झोप उडवायची नाही.

मामा मेडशीचे. मालेगाव-रिसोड रस्त्यावर त्यांनी वर्षानुवर्षे काळीपिवळी जीप चालवली. त्या धंद्याचा एक कायदा होता. जीपच्या मागे लटकलेला माणूस पत्र्यावर हात मारायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल. गाडी मागे घ्यायची असेल तर तो मागे उभा राहून सारखा पत्रा वाजवत राहायचा आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचा. वाजतंय तोवर यायचं. एकच जोराचा ठोका पडला की करकचून ब्रेक.

जीपवाला बायकोशी खोटं बोलेल, सवारीशी बोलेल, पोलिसाशी तर बोलेलच. पण पत्रा कुणी खोटा वाजवायचा नाही. या भरवशावर मामांनी आरशात न बघता आयुष्य काढलं.

तेच त्या दिवशी अंगाशी आलं.

मामांची मुलगी ज्योत्स्नाताई. बाळंतपणामुळे तिचं एम.ए.चं वर्ष हुकलं होतं. त्या दिवशी एकाच दिवसात दोन पेपर होते, सकाळी एक आणि दुपारी एक. तिची मुलगी अंजू तेव्हा जेमतेम पाच महिन्यांची. पोरगी इतकी हट्टी, की बाटली तोंडात धरायची नाही. म्हणून सगळा लवाजमा निघाला. मामांची जुनी व्हॅन, मागच्या सीटवर ललितामामी, मामींच्या मांडीवर अंजू, आणि पुढे पुस्तकात डोकं खुपसलेली ताई. दोन पेपरांच्या मध्ये ताईने येऊन पोरीला पाजायचं, असं ठरलेलं.

धुकं असं पडलं होतं की रस्त्याकडेची तूर दिसत नव्हती.

"धुवारी लय हाय बाबा. दमानं चालवा," ताई म्हणाली.

"तू तुह्यं पुस्तक वाच माय. रस्ता मी वाचतो."

विद्यापीठाच्या फाटकावर फुलचंद नावाचा चौकीदार शेकोटी करून बसला होता. त्याने गाडी अडवली.

"गाडी इथंच लावा जी. आत धुवारीत काई दिसत नाही."

"लेकरू हाय संगं," मामा म्हणाले. "त्याची माय पेपरले बसून राह्यली. जवळ लागन गाडी, तर बरं होईन."

फुलचंदने आत डोकावून बाळाकडे पाहिलं.

"मंग पानीटाकीपाशी लावा. नाकासमोर जा. लायब्ररीच्या मांगं नोका जाऊ, तिकडं काम अर्धवट पडून हाय."

मामांनी मान डोलावली. ताईला परीक्षेच्या इमारतीपाशी सोडलं. तिने अंजूचा मुका घेतला आणि पायऱ्या चढत धुक्यात गेली. आता फक्त गाडी लावायची होती.

पण पाणीटाकी काही सापडेना.

तिथली प्रत्येक इमारत पिवळी. प्रत्येकीला तसलाच जिना. बाणांच्या पाट्या होत्या, पण पाटीजवळ जावं तेव्हा बाण दिसायचा आणि बाणाप्रमाणे वळावं तर पुढे पुन्हा तीच पाटी. मोबाइलच्या नकाशातली बाई शांतपणे म्हणाली, तुम्ही पोहोचला आहात.

कुठे पोहोचलो, ते मात्र तिने सांगितलं नाही.

"आपुन इथूनच गेलतो ना मघा?" मामींनी मागून विचारलं.

"अवं, सारं सारखंच हाय इथं. झोप तू."

मामी खरंच पेंगायला लागल्या. मामांनी एक वळण घेतलं. डांबरी संपली आणि चाकाखाली मुरूम करकरायला लागला. पुढे काटेरी तारेचं कुंपण आडवं आलं. आता मागेच घ्यावी लागणार होती. आरशावर दव. मागची काच पांढरी झालेली. मामांनी खिडकीतून डोकं काढलं, तर मागे नुसता कापूस.

तेवढ्यात...

"येऊ द्या."

अगदी ओळखीचा सूर. मामांना हायसं वाटलं. चला, पार्किंगवर माणूस ठेवलाय म्हणायचा.

"जागा हाय का दादा मांगं?" मामांनी ओरडून विचारलं.

"लय जागा हाय. येऊ द्या..."

आणि पत्रा वाजायला लागला.

ठक... ठक... ठक...

मामांनी रिव्हर्स टाकला. आरशात बघायचा प्रश्नच नव्हता. हात पक्का होता मागच्याचा. एका लयीत वाजवत होता. असा ठोका मामांनी जीप विकल्यापासून ऐकला नव्हता. त्यांना बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

ठक... ठक... ठक...

"येऊ द्या... येऊ द्या..."

गाडी मागे जात राहिली.

जात राहिली...

मग मामांना काहीतरी खटकलं. पार्किंगची जागा एवढी लांब कशी? एव्हाना ठोका पडायला हवा होता. त्यांनी कान दिला. स्वतःच्या चाकांचा करकर आवाज येत होता. पत्रा वाजत होता. पण जो माणूस गाडीसोबत मागे मागे चालतोय, त्याची चप्पल मुरमावर वाजायला नको?

वाजत नव्हती.

पाऊल नव्हतं. खोकला नव्हता. श्वास नव्हता.

ठक... ठक... ठक...

"अवो..." मामी जाग्या झाल्या होत्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "कोनाशी बोलून राह्यले तुमी?"

मामांनी ब्रेक दाबला.

पत्रा वाजायचा थांबला.

मामा सांगतात, त्या क्षणी ते एका ठोक्याची वाट बघत होते. माणूस असता तर त्याने 'थांब'चा एक ठोका दिला असता, धंद्याची रीतच ती. मामा कान टवकारून बसले.

ठक ठक.

दोन.

चल...

त्यांनी हँडब्रेक ओढला आणि दार उघडून एक पाय खाली टेकला. गाडीला धरून धरून मागे गेले. मागे कुणी नव्हतं. मागे जमीनही नव्हती.

विहीर होती. जुनी, शेतातली, कठडा ढासळलेली. उजवं मागचं चाक काठापासून वीतभर. चाकाखालचा मुरूम हळूहळू सरकत होता. मामांच्या देखत एक खडा सुटला. तो पाण्यात पडल्याचा आवाज आला, पण फार उशिरा आला.

आणि त्या गाडीत बायको होती. मांडीवर नात.

"ललिता," मामा म्हणाले. आयुष्यात त्यांनी मामींना नावाने हाक मारली नव्हती. "हलू नको. अंजूले छातीशी धर अन् बिलकुल हलू नको."

"काहून? काय हाय मांगं?"

"काई नाही. तू फक्त माह्याकडं पाहाय."

दार सरकवून दोघींना उतरवावं, तर गाडी हलणार. मामा काचेच्या भांड्यात बसावं तसे सीटवर बसले. हँडब्रेक सोडून पहिला गिअर टाकला. चाक जागीच फिरलं, मुरूम उडाला, गाडी मागे कलली... मामींच्या तोंडून "माय वो" निघालं.

आणि पुन्हा पत्रा वाजायला लागला.

आता लय नव्हती. घाई होती. दोन्ही हातांनी बडवावं तसा.

ठकठकठकठकठक...

मामांनी डोळे मिटले आणि पाय दाबला. गाडीने हिसका दिला, चाकाने कुठेतरी दगड धरला, आणि व्हॅन पुढच्या तारेच्या कुंपणात जाऊन अडकली. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, तर त्या दिवशी देव म्हणजे तो दगड.

ऊन पडल्यावर फुलचंद शोधत आला. मामा कुंपणापाशी खाली बसले होते. मामी अंजूला घेऊन दूर उभ्या होत्या.

"पार्किंगवरचा तुमचा मानूस कोन हाय?" मामांनी विचारलं. "त्याले आधी माह्यापुढं आना."

"मानूस?" फुलचंद म्हणाला. "आमच्याकडं पार्किंगले मानूस नाही जी. कधीच नव्हता."

मग विहिरीकडे न बघता तो हळूच म्हणाला, "लायब्ररीचं काम चालू होतं तवा एक ट्रॅक्टर-ट्रॉली गेली हिच्यात. ड्रायव्हर मरता मरता एवढंच बोलला, का मांगून ठोके देनाऱ्यानं फसवलं. मुकादमानं सारे मजूर उभे केले. ठोके देनारा त्यायच्यातला कोनीच नव्हता."

मामा उठून गाडीच्या मागे गेले. पत्र्यावर दव साचलेलं होतं, सगळीकडे सारखं. वरपासून खालपर्यंत. एवढा पत्रा बडवला गेला, आणि दवावर एका बोटाचाही डाग नव्हता.

"बाहेरून नव्हतेच थे ठोके," मामी मागून म्हणाल्या.

मामांनी वळून पाहिलं. मामींचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मले आयकू येत होते ना. माह्या पाठीशीच वाजत होते. सीटच्या मांगं, स्टेपनीपाशी... आतून." त्यांनी अंजूला घट्ट धरलं. "अन् ही माह्या खांद्यावरून मांगं पाहून हासून राह्यली होती."

ताईचे दोन्ही पेपर झाले. ती मधल्या वेळेत येऊन पोरीला पाजून गेली, तिला गाडी बंद पडली, एवढंच सांगितलं. संध्याकाळी सगळे एसटीने मेडशीला आले. व्हॅन मामांनी पुढे घरी आणलीच नाही, तिथूनच भंगारात घातली. ताई पास झाली. अंजूच्या गळ्यात मामींनी काळा दोरा बांधला. झालं गेलं विसरून जाऊ, असं सगळ्यांनी ठरवलं.

गेल्या दिवाळीत मी मेडशीला गेलो होतो. अंजू आता दोन वर्षांची झालीय. गोरीगोमटी, गुटगुटीत, पण अजून बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, काही मुलं उशिरा बोलतात.

मी अंगणातून माझी गाडी काढत होतो. रिव्हर्स टाकला, आणि मागून आवाज आला...

ठक... ठक... ठक...

मी आरशात पाहिलं. अंजू गाडीच्या मागे उभी होती. चिमुकल्या तळव्याने पत्रा वाजवत होती, एका लयीत, हसत. मामा अनवाणी धावत आले आणि त्यांनी तिला उचललं.

"तिले कोनीच शिकवलं नाही रे," मामा म्हणाले. "दार म्हना, कपाट म्हना, जिथं पत्रा दिसन तिथं वाजवते. दिसभर. मी तिच्यापाशी बसतो, तिचा हात हातात धरतो, अन् सांगतो, बाई, एक ठोका म्हंजे थांब. दाखव बरं एक. फक्त एक."

त्यांनी नातीच्या पाठीवरून हात फिरवला.

"थो एक ठोका ती देतच नाही."