दुसऱ्या मास्कची पिशवी

सांगते ते शंभर टक्के खरं आहे. पटत नसेल त्याने येऊन माझ्या नाकावरचा वण बघावा.

गेल्या वर्षीची गोष्ट. मंगळवार. दुपारचे तीन. दवाखान्याचा दुसरा मजला, खिडकीजवळची खाट.

माझा दमा बळावला होता. मोठे डॉक्टर म्हणाले, "आजी, प्राणवायूत फुग्यात भरतात तो हलका वायू मिसळून देतो. छातीत सहज शिरतो. मास्क दोन प्रकारचे आहेत. अर्धा अर्धा तास लावू. कुठला बरा वाटला, तेवढं सांगा."

म्हटलं, लावा. अख्खं घर हाकलंय मी, मास्कला काय भिते!

पहिला मास्क मऊ, सैल. सुनेला म्हटलं, "उशी सरळ कर," तर बदकाच्या पिल्लासारखा आवाज निघाला! त्या वायूने तसंच होतं म्हणे. बत्तीस वर्षं माझ्या आवाजाला टरकणारी सून तोंडावर हात धरून हसली.

मास्क लावणारा टेक्निशियनही खिदळला. "परवा ह्याच खाटेवरचे बाबा तर 'काढा, काढा' करून किंचाळत होते. हसून हसून पोट दुखलं आमचं."

"मग? बरे झाले ते?"

तो पट्टे सोडवत राहिला...



दुसरा मास्क कडक. चार पट्टे, खाली रबरी पिशवी. मी श्वास घेतला की पिशवी आकसायची, सोडला की फुगायची.

पाच मिनिटं बरी गेली. मग...

मी श्वास सोडत होते, आणि पिशवी आकसत होती.

मी श्वास रोखून धरला.

पिशवी थांबली नाही...

आत... बाहेर... आत...

आणि पट्टे आवळले. कोणाचा हात लागला नव्हता. नाकाचं हाड कडकन वाजलं. तोंडात गरम रक्त आलं.

"काढा! काढा!" मी ओरडले.

बदकाचा आवाज.

दोघं हसली.

मी लाथ मारली, शेजारचं टेबल आडवं झालं. मास्कच्या कडेतून रक्त गळ्यावर उतरलं, तेव्हा सुनेचं हसू मेलं. तिने खाली पडलेली पट्ट्या कापायची कात्री उचलली आणि पट्टे कापले. सोबत माझ्या कानाची पाळीही.

"सोड माझ्या सासूला!" ती ओरडली.

कोणाला, ते तिलाही सांगता येत नाही.

टेक्निशियन पांढरा पडला. "मास्कमध्ये तर काही बिघाड नाही..." ह्या टेक्निशियन लोकांची सवयच तशी. कोणी तक्रार केली की आधी स्वतःच्या तोंडाला लावून बघायचं. त्याने नळी काढली, मास्क पुसला.

"ठेव खाली, मेल्या!" माझा खरा आवाज परत आला होता. तरी ऐकलं नाही.

पट्टे तुटलेले. नळी मोकळी.

तरी मास्क त्याच्या तोंडाला चिकटला...

पिशवी चपटी झाली. तो भिंतीवर डोकं आपटू लागला. नखांनी स्वतःचेच गाल फाडले. डॉक्टर आणि दोन नर्स मिळून ओढत होते. मास्क निघाला तो कातडी घेऊनच. फरशीवर दोन दात पडले.

आणि तो किंचाळला.

"काढा! काढा!"

चिरका, बदकाचा आवाज. वायूची नळी तर त्याने आधीच काढून ठेवली होती.

ह्या वेळी कोणी हसलं नाही.

तो जगला. सून भेटून आली. म्हणाली, "आई, अजून तोच आवाज आहे. आणि तो एकच शब्द."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आले. कुठला मास्क बरा वाटला? मी नुसतं चपलेकडे बघितलं. निमूट परत गेले.

आता सून माझ्याच खोलीत झोपते. उशाखाली कात्री ठेवते. तिला वाटतं, सासूबाई आता घाबरत नाहीत.

वाटू दे.

कधी कधी दुपारी खोलीत एकटी पडल्या पडल्या मी श्वास रोखून बघते...

उशीजवळचा तो श्वास चालूच असतो.