एमरीची हाडं घरी आली

अक्रोड फोडायच्या दिवसांत रोशफेरच्या गढीत कुणाचीच बोटं गोरी राहत नाहीत. सालींचा काळा डाग लवकर निघत नाही, मग ती धुणारीण असो की धनीण. त्या दुपारी आम्ही मोठ्या दालनात शेकोटीजवळ बसलो होतो. मी, माझी भावजय आलाइस आणि तिची लहानगी तिफेन, जी फोडायची एक आणि खायची दोन. तेवढ्यात ओदो आला.

ओदो हा माझ्या धाकट्या भावाचा, एमरीचा, ढाल वाहणारा जुना माणूस. राजाच्या बोलावण्यावरून एमरी समुद्रापलीकडच्या लढाईवर गेला, तेव्हा ओदो त्याच्याबरोबर गेला होता. परतला तो एकटाच. खेचरावर कातड्यानं मढवलेली एक पेटी होती. ती पाहून कुणाला काही सांगावं लागलं नाही. आमच्याकडचा सरदार दूरदेशी मेला की त्याचा देह उकळून मांस सोडवतात आणि हाडं तेवढी घरी आणतात.

“तापानं गेले,” ओदो म्हणाला. “मीच द्राक्षाच्या दारूत उकळलं. एकेक हाड पुसून आणलंय, बाईसाहेब. करंगळीचंसुद्धा मागे ठेवलं नाही.”

“आणि हृदय?” आलाइसनं विचारलं.

“ते तिथंच पुरलं. अंजिराच्या झाडाखाली.”

तिच्या हातातला अक्रोड तसाच राहिला. निघताना एमरी घोड्यावरून सगळ्यांसमोर म्हणाला होता, “मेलो तर हाडं कुठंही पडू देत, माझं हृदय आलाइसला द्या.” ओदो तेव्हा त्याचा लगाम धरून उभा होता.

“मीठ संपलं होतं हो,” ओदो रडायलाच लागला. “त्या उन्हात ते टिकलं नसतं. आणि धन्याची हाडं बापाशेजारी नसली तर मी चारचौघांत तोंड कसं दाखवायचं?”

“तोंड तुझं, पण नवरा हिचा,” मी म्हणाले. खरं सांगायचं तर त्याच्या जागी आमच्यातल्या कुणीही तेच केलं असतं. घराण्याची अब्रू हाडांत असते असंच आम्हाला शिकवलेलं.

पेटी पुरण्याआधी मी उघडून पाहिली. लहानपणी एमरी घोड्यावरून पडला होता, त्याची गाठ डाव्या नडगीवर बोटाला लागली. तोच होता. गढीच्या देवळात बापाशेजारी आम्ही त्याला पुरलं. मेलेल्याचं ताट वर्षभर मांडायचं आणि जेवणं उरकली की दाराशी आलेल्या गरिबांना द्यायचं, ही आमची रीत. ताट मांडायचं काम आलाइसनं स्वतःकडे घेतलं.

आधी घरची म्हातारी कुत्री एमरीच्या खुर्चीखाली जाऊन झोपायला लागली. मी मनावर घेतलं नाही. मग दालनात ओल्या चामड्याचा आणि घोड्याच्या घामाचा वास यायला लागला. तबेल्याचं दार नीट लागत नसेल म्हणून मी सुतार बोलावला. दार नीट होतं. खुर्चीवरची उशी मी झटकून फुगवायची, आणि जेवण वाढेपर्यंत ती पुन्हा दबलेली असायची. मी किल्ल्या सांभाळणारी बाई. ज्याला कुलूप घालता येत नाही, त्याच्या नादी मी लागत नाही.

नाताळानंतर एका उजळ सकाळी मी पिठाचं भांडं घेऊन जिना उतरत होते. एमरी वर येत होता, डावा पाय किंचित ओढत. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. जाताजाता त्यानं माझ्याकडे पाहिलं, वाटेतल्या खांबाकडे पाहावं तसं.

मी कुणाजवळ बोलले नाही. बोलली ती तिफेन.

“आत्या, बाबा जिन्यात बसतात. हाक मारली तरी ओ देत नाहीत.”

आलाइस शिवत होती. तिनं मान वर केली नाही. “मलाही देत नाहीत, बाळा.”

“तुला कधीपासून दिसतोय?” मी आलाइसला विचारलं.

“हाडं आली तेव्हापासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही तबेल्याचं दार बघत होतात ना, वन्सं.”

त्यानंतर ती रोज लग्नातला हिरवा झगा घालू लागली. त्याच्या खुर्चीशेजारी बसून त्याला सगळं सांगायची. तिफेनचा दात पडला, यंदा द्राक्षं आंबट निघाली, उत्तरेकडचा बुरूज गळतो. तो समोर बघत राहायचा. कधी तिच्या अंगावरून पलीकडच्या खिडकीकडे.

“हे घरी आलेत, वन्सं,” ती म्हणाली, “आणि मी अजून वाटच बघतेय.”

मला ते ऐकवेना. वाट मीही बघत होते. मला येताजाता चिडवणारा, माझ्या किल्ल्या लपवणारा भाऊ हवा होता. घरात फिरत होतं ते नुसतं त्याचं अंग होतं.

तिनं ओदोला बोलावून हृदय आणायला परत जा म्हणून विनवलं. तो मान खाली घालून उभा राहिला. “तो मुलूख शत्रूकडे गेला, बाईसाहेब. आमची छावणी जाळली, झाडंही जाळली. कुठलं अंजीर आणि कुठली जागा, आता मलाच सापडायची नाही.”

“मग माझं देते,” आलाइस म्हणाली. थंडी वाजणाऱ्याला आपली शाल द्यावी, इतक्या सहज.

“वेड लागलंय का तुला? पोरीकडे बघ जरा!”

“तिला बाप हवाय, वन्सं. आणि मला हे हवेत. एकदाच ह्यांनी मला नावानं हाक मारावी. बास.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवळात गेली आणि आतून अडसर लावला. मी दार बडवलं, शिव्या घातल्या, शेवटी विनवण्या केल्या. अडसर हलला नाही.

दुपारी ती स्वतःच बाहेर आली. झग्यावर कुठे डाग नाही, अंगावर ओरखडा नाही. चेहरा इतका शांत मी लग्नानंतर पाहिला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. मी तिला एमरीच्या समोर जेवायला आणून बसवलं.

एमरीनं मान वर केली.

“आलाइस,” तो म्हणाला.

आवाज त्याचाच.

तिफेन धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. त्यानं तिला उचलून घेतलं, तिच्या पडलेल्या दाताची जागा पाहिली, आणि माझ्याकडे बघून तो पूर्वीसारखा हसला. मी तिथंच रडायला लागले.

“आलाइस,” तो पुन्हा म्हणाला. आता त्याचे डोळे वाहत होते.

आलाइस पाव मोडत होती.

मी तिचा हात धरून हलवला. हात उबदार होता. मनगटावर माझी बोटं नाडी शोधत थांबली, मग मी दुसरं मनगट पाहिलं. मग तिच्या छातीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

तिनं माझा हात हळूच, अगदी अदबीनं बाजूला केला आणि माझ्याकडे वाकली.

“अहो बाई,” ती म्हणाली, “ते समोरचे गृहस्थ कोण आहेत? मघापासून माझ्याकडे बघून रडताहेत.”