शेजारचा चुंबक

तिनं शेजारच्या प्रयोगशाळेचं दार वाजवलं ते भांडायलाच.

"अहो, तुमचा तो चुंबक जरा बंद ठेवाल का?"

आतला मुलगा स्टुलावर बसून बिस्कीट खात होता. त्यानं हात पँटला पुसले. "कुठला? हा यंत्रातला, की मी? या मजल्यावर मलाही चुंबकच म्हणतात."

तिला हसू आलं होतं, पण भांडायला आलेल्या माणसानं हसायचं नसतं. "दोन्ही," ती म्हणाली.

तिची अडचण खरी होती. तिच्या खोलीत एक भलंमोठं शीतयंत्र होतं, त्याच्या पोटात तांब्याचा छोटा डबा आणि डब्यात दोन क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे इवलेसे घटक. फार हळवी जात हो ती! 'हो' आणि 'नाही' दोन्ही एकदम मनात धरून बसतात, आणि जरा धक्का लागला की सगळं विसरतात. तिचे तर अपेक्षेच्या निम्म्या वेळातच विसरत. भिंतीपलीकडे एवढा मोठा चुंबक असताना खापर दुसऱ्या कुणावर फुटणार?

मग ठरलं, सकाळ तिची आणि दुपार त्याची. तरी सकाळी क्यूबिट रुसलेलेच. कालच्या दुपारची बाधा उतरायला दिवस लागतो, असं तिनं स्वतःला समजावलं. आणि दुपारी तो कॉफीचे दोन कप घेऊन दारात हजर.

"लावू का आता?"

"थांबा, थोडं राहिलंय."

"थांबतो... मला कसली घाई?"

थांबता थांबता कॉफी संपायची, गप्पा संपत नसत. एकदा त्यानं विचारलं, "दोघांना एकाच डब्यात का कोंडलंय?"

"एकटा असला की डब्यातून त्याची ऊर्जा गळते. दोघं एकाच तालात राहिले तर आणखी भराभर गळते. पण उलट तालात राहिले, म्हणजे एक पुढे तर दुसरा मागे, तर एकाची गळती दुसरा अडवतो. मग टिकतात."

"म्हणजे पटत नाही म्हणून टिकतात?"

"तसं म्हणा."

"मग आपलं बरं चाललंय," तो कपात बघत म्हणाला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं उगाचच एक वायर सरळ केली.

आणि बुधवारी तिच्या मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं, शनिवारी शीतयंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार. तोवर निकाल हाती आला नाही तर तिचं अख्खं वर्ष पाण्यात. दुपारी तो आला तेव्हा तिनं कपाला हातही लावला नाही.

"शनिवारपर्यंत चुंबक लावूच नका. पाया पडते तुमच्या."

त्यानं कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "चुंबक... मागच्या सोमवारपासून बंदच आहे. त्याला वीज देणारी पेटी जळली. दुरुस्तीला गेलीय."

"मग रोज 'लावू का' काय विचारत होतात?"

"तुम्ही 'थांबा' म्हणायचात ना... तेवढ्यासाठी." त्यानं मान वर केली नाही. "आजही बोललो नसतो तर तुम्ही बोलत राहिला असतात माझ्याशी. पण दोष माझ्या चुंबकाचा नाही. तुमचे उरलेले दिवस माझ्या भिंतीला दोष देण्यात जायला नकोत. आधीच सांगायला हवं होतं."

तिनं दार असं आपटलं की मजला हादरला. लबाड कुठला! अर्धा तास मनातल्या मनात त्याला सोलून काढलं. मग राग ओसरला. चुंबक नाही, तर मग... आपणच?

तिनं सगळं मुळापासून तपासायला घेतलं. गुरुवारी दुपारी सापडलं. तिच्याच आज्ञावलीत एक वजाचं चिन्ह घालायचं राहून गेलं होतं, एवढंसं! तिनं ज्यांना उलट तालात ठेवलं असं धरलं होतं, ते दोघे बापडे पहिल्यापासून एकाच तालात नाचत होते, आणि गळत होते. चिन्ह घातलं. पडद्यावरची ऊर्जेची रेघ उतरली, पण किती सावकाश... दोघे टिकून होते. मॅडम चष्मा सावरत नुसतं "अगं बाई" म्हणाल्या.

ती धावत शेजारी गेली. यावेळी दार हळू वाजवलं.

"जमलं," ती म्हणाली. डोळे भरले होते, आणि ते लपवायचं तिच्या लक्षातही आलं नाही. "चूक माझीच होती. आणि तू सांगितलं नसतंस, तर मी शनिवारपर्यंत तुझ्या भिंतीकडेच बोट दाखवत बसले असते. तुला गप्प राहणं किती सोपं होतं... तुझे उपकार कसे फेडू?"

'तू' दोघांनीही ऐकलं. कुणीच दुरुस्त केलं नाही.

"फेडू नकोस," तो म्हणाला. मग हसण्याचा प्रयत्न करत, "पण आता... माझं दार वाजवायला तुला काही कारण उरलं नाही."

"नाही उरलं." तिनं कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली. "कारण होतं तेव्हा चुंबकासाठी आले होते. आज तुझ्याकडे आलेय."