खाडीवर धरलेला दोर

सिद्धार्थ, हॉर्न वाजवून काय होणार? शारजाचा जॅम आहे हा, तासाभरात सुटला तर माझं नाव बदल. इशिता, तू मघाशी भूतबित मानत नाही म्हणालीस ना? मीही मानत नव्हतो. पण हे माझ्या दोस्ताच्या, शैलेंद्रच्या बाबतीत झालेलं आहे. गेल्या महिन्यात ज्याच्या घरी सुरमई चापलीत, तोच. त्याच्यासमोर मात्र विषय काढायचा नाही.

तारीख सांगतो. २६ फेब्रुवारी १९९८, गुरुवार. आदल्या दिवशी महाशिवरात्र झालेली, म्हणजे अमावास्या.

तेव्हा शारजाच्या हद्दीबाहेरच्या क्रीकमध्ये, म्हणजे खाडीत, एक जुनं लाकडी जहाज कायमचं बांधलेलं होतं. त्यात रेस्टॉरंट आणि बार. तुमच्या शारजात प्यायची सोय नाही, त्यामुळे तिथे तोबा गर्दी. काही शौकीन तर स्वतःची बोट घेऊन यायचे, जहाजाला लावायचे, दोन बिअर मारायचे आणि निघायचे. शैलेंद्र तिथे स्टोअरकीपर. पण पडला देवगडच्या खलाशाचा पोरगा, त्यामुळे आलेल्या बोटीचा दोर झेलायचं कामही त्याच्याच गळ्यात. दोर दिसला की त्याचा हात पुढे जायचाच. रक्तातच ते.

त्या रात्री त्याची बायको नीलिमा येणार होती, सात महिन्यांच्या पर्णिकाला घेऊन. पोरीला त्याने फक्त फोटोत पाहिलेलं. वर्षभर व्हिसासाठी खेटे घातले होते बिचाऱ्याने. फ्लाइट रात्री एकची. बार रिपेअरसाठी बंद होता, पण हा घरून निघणार तेवढ्यात मॅनेजरचा फोन. जाता जाता फ्रीजर चालू आहे का बघ, माल खराब झाला तर दोघंही खलास. शैलेंद्र म्हणाला, बघतो, जहाज वाटेतच आहे.

काठावर वॉचमन यूनुस खुर्ची टाकून चहा पीत होता. त्याला सलाम करून हा फळीवरून जहाजात गेला. फ्रीजर ठीक होता. दार लावून बाहेर आला, तर पाण्याच्या बाजूला, अंधारात, एक बोट आलेली. दिवा नाही. इंजिनाचा आवाज नाही. आणि तिथून दोर आला.

याने झेलला.

काथ्याचा दोर. आता सगळीकडे नायलॉन असतो, काथ्या कोण वापरतो? पण विचार करायला वेळच मिळाला नाही. अंधारातून आवाज आला, अगदी देवगडचा.

"वायच धर रे. आत्ता येतंय."

परक्या मुलखात घरची बोली. माणूस विरघळतो रे. हा म्हणाला, धरतो, पण लवकर ये, मला एअरपोर्टला जायचंय.



थोडा वेळ थांबला. मग दोर खुंटाला बांधला. गाठ सुटली. पुन्हा बांधला. पुन्हा सुटली. म्हणाला, गेली तुझी बोट वाहत, मी सोडतो.

बोटं उघडेनात.

दुसऱ्या हाताने एकेक बोट ओढून पाहिलं. नाही. दोर ताणत होता, हळूहळू, आणि हा कठड्याला चिकटलेला. काठ समोर दिसत होता. रस्त्यावर टॅक्स्या पळत होत्या. याने यूनुसला हाक मारली. घसा फोडून मारली. यूनुसने मान वळवली, थेट याच्याकडे पाहिलं... आणि चहाचा कप उचलून पुन्हा तोंडाला लावला.

डोक्यावरून विमानं उतरत होती. एक गेलं. हिचं असेल? दुसरं गेलं. पोर घेऊन बाई एकटी, परका देश, कोणाला विचारणार... हा रडला. देवाचं नाव घेतलं. दोराला शिव्या घातल्या.

काळोख. पाणी. दोर.

मग पहाटेची अजान झाली. आणि अगदी कानाशी, धापा टाकत...

"सोड आता."

बोटं उघडली. दोर नव्हता. बोट नव्हती.

धावत एअरपोर्टला गेला. तिथे नीलिमा नाही. तसाच करामा वस्तीतल्या आपल्या घरी आला, बेल मारली. नीलिमाने दार उघडलं. झोपेत होती. म्हणाली, "अहो, आत्ता तर खाली गेलात. इतक्यात आलात?"



मग तिने सगळं सांगितलं. एअरपोर्टवर तुम्हीच आलात. एक शब्द बोलला नाहीत. पोरीला घेतलंत ते टॅक्सीभर खाली ठेवलं नाहीत. तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होतात नुसते. पहाटेपर्यंत तसेच मांडीवर घेऊन बसलात. शेजारच्या बानूभाभीकडे घराची दुसरी किल्ली असायची, तिलाही विचारून आला शैलेंद्र. ती म्हणाली, तूच तो चाबी ले गया भाई, पूरा भीगा हुआ था.

... हो बेटा, त्याचाच चेहरा. दोघींनी पाहिला.

कोण होता, कोणाची पोर त्याला बघायची राहून गेली होती, देव जाणे. पण पर्णिकाला पहिल्यांदा उराशी धरायचं सुख गेलं ते गेलंच. शैलेंद्र अजून त्यावर बोलत नाही.

पर्णिकाचा त्या रात्रीचा फ्रॉक नीलिमाने जपून ठेवलाय. गेल्या महिन्यात तुम्ही जेवत होतात, तेव्हा तिने मला आत नेऊन दाखवला. सहा वर्षं झाली. मी हात लावून पाहिला.

खांद्यावर अजून ओला आहे.