डाव्या हाताची गिटार

"भैया, गिटार सिखानेवाली दूसरी कैसेट?"

व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरवर संपदाने छत्री आपटली. दुकानदाराने पानाचा तोबरा सांभाळत नुसती हनुवटी उडवली. शेजारच्या तरुणाच्या हातात नेमकी तीच कॅसेट होती!

"हे काय बरोबर नाही हं," ती मराठीत पुटपुटली. बनारसच्या बाजारात चिडायचं तर घरच्या भाषेत चिडावं, कुणाला कळत नाही, असा तिचा अनुभव. आज मात्र तो अनुभव तोंडघशी पडला.

"काय बरोबर नाही?" तरुणाने हसत विचारलं.

"आम्ही महिनाभर हिची वाट बघतोय."

"आम्ही? किती जण आहात?"

"एकटीच! बनारसचं मराठी असंच असतं."

"गोड असतं," तो म्हणाला आणि स्वतःच लाजला. "मी केयूर. सांगलीचा. बँकेत बदली होऊन आलोय. कॅसेट मिळाली खरी, पण... व्हीसीआर नाही."

व्हीसीआर संपदाच्या घरी होता. दूधविनायकाच्या गल्लीतल्या दिनानाथ गुरुजींची ही मुलगी. पुण्याला नोकरीला गेलेल्या कुशलदादाची इलेक्ट्रिक गिटार तिने हक्काने ताब्यात घेतलेली. पहिली कॅसेट पाहून तारासुद्धा तिने स्वतःच चढवल्या होत्या.

मग दर रविवारी केयूर आपली साधी लाकडी गिटार घेऊन येऊ लागला. दारात इंदूताई, म्हणजे संपदाची आई, भाजी निवडत बसायची. पडद्यावर लांब केसांचा गोरा मास्तर वाजवून दाखवायचा. कॅसेट मागे घे, पुढे घे, पुन्हा मागे... त्यात लाइट जायची. संपदाची गिटार मुकी व्हायची, आणि केयूर तिच्यासमोर बसून हळूच आपली वाजवायचा. तो तिच्या बोटांकडे बघायचा, काहीतरी बोलायला जायचा... आणि गप्प व्हायचा.

"काय?" ती विचारायची.

"काही नाही. चालू द्या."

आठवडाभर तिचं कशात लक्ष नसे. पुस्तक उघडावं, मिटावं. खिडकीत जावं, परत यावं. रविवार लवकर का येत नाही, याचा तिला मनापासून राग यायचा.

गल्लीतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात गिटारवर आरती वाजवायचं तिने ठरवलं. गुरुजी कसेबसे राजी झाले. "पण धड वाजलं नाही, तर ते धूड कुशलकडे रवाना," असंही बजावलं. तालमीला ते आले, आणि पहिल्याच सुरावर ओरडले, "अगं, डाव्या हाताने? देवापुढे?"

संपदाने हाताकडे पाहिलं. जेवायची उजव्या हाताने, लिहायची उजव्या हाताने... आणि तारा छेडत होता डावा! मास्तर पडद्यावर समोर बसायचा. आरशात बघावं तशी तिने त्याची नक्कल केली होती. तारासुद्धा तशाच उलट्या चढवल्या होत्या.

"उद्याच ती गिटार पुण्याला!" गुरुजी तरातरा निघून गेले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तालमीला समोर बसलेल्या केयूरला तिने विचारलं.

"पहिल्याच रविवारी कळलं."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही समोर बसलात की आपल्या दोघांचे हात एकाच बाजूला हलायचे. ते... मोडवेना मला."

"तुमची करमणूक झाली, आमची गिटार गेली! येऊ नका परत."

तो आला नाही. म्हणजे शहाण्यासारखं ऐकलं, आणि तिला त्याचाही संताप आला. उजव्या हाताने वाजवून पाहिलं, बोटं ऐकेनात. आईच्या हातापाया पडून तिने गिटार चतुर्थीपर्यंत घरात ठेवून घेतली. संकठा घाटावर जाऊन बसली, लगेच उठून आली. गिटार जाणार याचं दुःख होतंच. केयूर येत नाही याचं त्याहून जास्त होतं.

चतुर्थीला मूर्ती बसली. गुरुजी दूर्वा वाहत होते.

"बाबा, सोंड कुणीकडे आहे?"

"डावीकडे. उजव्या सोंडेचा फार कडक. त्याचं सोवळं झेपेल का आपल्याला?"

"म्हणजे हा सांभाळून घेतो. मग आमचा डावा हात नाही का घेणार सांभाळून?"

गुरुजींनी मूर्तीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "मोठी वकील!" ते म्हणाले. "वाजव. प्रसाद मात्र उजव्या हातानेच वाटायचा. आणि गिटार... राहू दे घरातच."

संध्याकाळी मंडप भरला. संपदा स्टेजवर बसली, आणि बोटं हलेचनात. एवढ्यात शेवटच्या खांबाआड केयूर दिसला. चपला घालून निघण्याच्या बेतात होता. तिने गिटार खाली ठेवली आणि सगळ्यांच्या देखत तरातरा त्याच्यापाशी गेली.

"चला. पुढे येऊन बसा."

"तुम्हीच म्हणालात, येऊ नका..."

"रागात म्हणालो आम्ही. तुम्ही समोर नसलात की आमचा हात चालत नाही."

"लोक बघतायत, संपदा."

"बघू द्यात."

"आरतीपुरतं बसू?" त्याने चपला काढत विचारलं. "की... आणि बँकेने पुन्हा बदली केली तर?"

"तर तिथे येऊ आम्ही."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. गुरुजींनी ऐकलं होतं, इंदूताईंनी तर नक्कीच. शब्द मागे घ्यावा असं मात्र तिला मुळीच वाटलं नाही.