कोसमटोल्याचं बारावं घर

"भैया, हमाओ घर लिख लओ?"

माझं घर लिहिलंस का, असं विचारणारा हा आवाज ऐकून तीसहून जास्त वर्षं झाली. तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. मी ऐकला आहे.

भर दुपारी.

१९८७ चा वैशाख. जबलपूरहून दोन तासांवरचा कोसमटोला. धरणाखाली बुडणाऱ्या गावांचा इतिहास-भूगोल मी लिहून घेत होतो. सीमा, विहिरी, घरं. ज्याचं घर कागदावर नाही, त्याला दुसरीकडे जागा नाही.

चौसष्ट सालची जुनी नोंद सांगत होती: 'बेचिराग.' म्हणजे ओसाड. वस्तीला एकही माणूस नाही.

खाली सही माझ्या वडिलांची. भाऊराव.

"रिकाम्या गावाचा काय इतिहास लिहून राहिले, साहेब?" आमच्या ऑफिसातला गुणवंत म्हणाला. "होतं, गेलं. चलो, डबा सोडू."

मी हसलो. पडक्या घरांची जोती मोजली. अकरा.

विहिरीत पाणी नव्हतं. झाडावर पाखरू नव्हतं. पान हलत नव्हतं...

आणि चिंचेखाली बारावं अंगण.

सारवलेलं.

ओलं.

शेणात बोटांच्या रेघा, मोरपिसासारख्या, पार उंबऱ्यापर्यंत. पाऊल मात्र एकही नाही.

गुणवंतचं तोंड उतरलं. "इथं गाय नाही, पाणी नाही. मग हे..."

तेवढ्यात मागून, नाल्याकडून... म्हातारा, मऊ आवाज. पोराला झोपवताना असतो तसा.

"भैया, हमाओ घर लिख लओ?"

वळलो.

कोरडी वाळू. नुसती वाळू.

मी लिहिलं: घरे बारा. मालकाच्या नावाचा रकाना रिकामा राहिला. नाव नाही तर घर नाही. म्हणून संध्याकाळी जबलपुरात, गोहलपूरला घरी येताच विचारलं.

"बाबा, कोसमटोल्यात चिंचेखालचं घर कोणाचं?"

"काहून विचारतो?"

"अंगण ओलं होतं."

बाबांच्या हातातला चहा निवला. तेवीस वर्षांत त्यांनी त्या गावाचं नावही काढलं नव्हतं.

"अंजनी," ते म्हणाले. "सारं गाव उठून गेलं, ती एकटी उरली. भादव्यात नाला दुथडी भरलेला. पाय भिजू नये म्हणून मी अलीकडूनच लिहून राहिलो होतो. ती पलीकडून हाका मारे..."

"मग?"

"मीच म्हटलं, माँजी, इधर आके लिखवा दो."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"ती निघाली रे, श्रीकांत... 'बेचिराग' मी त्याच्यानंतर लिहिलं."