विळा घरी राहिला

चिखल्याच्या खाणीमागची ती टेकडी आता अर्धी खणून नेली. १९७९ च्या हिवाळ्यात ती पुरी होती. तुळसा तिथं गवत कापायला गेली, तर एक शर्टपँटवाला खडकावर ओणवा, हातात होकायंत्र.

"काय साहेब, गोटा बोलते का?"

"बोलते. पण टोमणे नाही मारत."

जवळच्याच एकोडी गावचा निघाला, इश्वर. बौद्ध शेतमजुराचा मुलगा. भूगर्भशास्त्र शिकून सरकारी नोकरीला लागलेला, अजून कायम व्हायचा होता. हा खडक समुद्रातला गाळ होता, म्हणाला. जमिनीनं जमिनीला रेटलं अन् त्याला घडी पडली, लुगड्याला पडते तशी.

"कवा?"

"माणूसच नव्हता तवा."

"बरं होतं मंग," कुणब्याची तुळसा म्हणाली, "जात बी नसन."

रोज ती त्याच्याशेजारी टेकायची, विळा मांडीशी. तो थरांचा कल मोजून वहीत लिहायचा... नजर मात्र वहीत नसायची.

पंधरा दिवसांनी त्याचं तोंड उतरलं. "भवतालचे सारे थर उत्तरेले कलले, अन् इथलेच पूर्वेले. परवा मोठे साहेब येऊन राहिले. नकाशा चुकला तं नोकरी गेली."

तुळसा बघायला जवळ सरकली. होकायंत्राचा काटा हलला. मागं सरली — काटा माघारी.

"एवढे शिकले कायले, साहेब? लोखंडाचा इळा घेऊन खेटून बसते न मी."

तो कपाळावर हात मारून हसला. "उद्या इळा नको आणू. सारं नव्यानं मोजतो."

"इळ्याबिगर कशी येऊ? माय इचारन न, टेकडीवर काय काम?"

"मंग... नको येऊ," म्हणाला खरा, पण वही उलटी धरून.

दुसऱ्या दिवशी तिच्या मायनं, पार्वताबाईनं, टोकलंच. "इळा राहिला न वं."

"राहू दे. गवताले नाही चालली. एकोडीवाल्याले भेटाले चालली."

"कोणाचा हाय, माहीत हाय न?"

"माहीत हाय."

पुढं दोघांचं लग्न झालं, तेव्हा जातवाल्यांनी तिच्या बापाला पंगतीतून उठवलं. माणसापेक्षा पत्रावळ मोठी मानणाऱ्यांची पंगत ती, गेली तर गेली. दोघांचे केस पिकले, तरी त्यांना सकाळ आठवते ती तीच. तो आकडे सांगत होता, ती वहीत उतरवत होती. दुपारपर्यंत सारे थर उत्तरेला कलले.

"मोठे साहेब येऊन गेले का मंग तुया बापाकडं येतो," तो म्हणाला.

"भेव नाही वाटत?"

"वाटते."

"मले बी," म्हणत तुळसा आणखी थोडी जवळ सरकून बसली.